उलटवलेला कोट

ढिकले सुभेदारांनी आठ जणांत भूमिका वाटल्या.
सात जणांना बंदुका हव्या होत्या, लाकडी का होईना.
उरलं ते माझ्याकडे आलं:
फ्रान्स, त्रेचाळीस साल, गावातली एक बाई,
नवरा जर्मनांच्या कैदेत,
पावाच्या रांगेत उभी.
"करायचं काय?"
"उभं राहायचं," सुभेदार म्हणाले.
नाशिकरोडच्या पोस्टात एकतीस वर्षं
मी रांगेच्या दुसऱ्या टोकाला बसले.
म्हटलं, चालेल.

नियम एकच, पण तोफखान्याचा:
त्रेचाळीसनंतरचं काहीही दोरीच्या आत येणार नाही.
वेलक्रो नाही, इलॅस्टिकची स्लॅक्स नाही,
चष्म्याची ही फ्रेम तर नाहीच.
मंगळसूत्रावर अर्धा तास चर्चा झाली,
शेवटी ते कॉलरच्या आत गेलं.

तिकडे तेव्हा कातडं सैन्याला जायचं,
बाया लाकडी तळव्यांवर चालायच्या.
म्हणून मी पंचवटीत गेले.
खडावावाल्याने विचारलं, कोणता आखाडा?
म्हटलं, फ्रान्सचा.
त्याने मान हलवली, माप घेतलं,
खुंट्या न बसवता जोड कागदात बांधला.
भद्रकालीतल्या रोकडेंनी वर
माझ्या जुन्या पर्सचे पट्टे ठोकले.
घरात चालून पाहिलं तर
खालच्या मजल्यावरून फोन आला.

मोजे मिळत नसत, म्हणून त्या पाय रंगवायच्या,
कशाकशाचा काढा लावून, तपकिरी.
तो खर्च माझा वाचला.
मागची शिवण मात्र काढावी लागली:
शेजारची हर्षदा फरशीवर बसली
आणि भुवयांच्या पेन्सिलीने तिने रेघ ओढली,
पोटरीवरच्या फुगलेल्या शिरेला
वळसा घालून.

डोक्याला फडकं.
ते कुणी शिकवावं लागलं नाही.
दिंडोरीकडे द्राक्षं खुडायला येतात त्या बाया
कशा बांधतात, बघत आलेय.

राहिला कोट.
नवऱ्याचा सूट उसवून स्वतःच्या मापाचा करायच्या म्हणे.
कपाटात यांचा होता, लग्नातला,
ब्याऐंशी सालचा, राखाडी, डांबरगोळ्यांत.
"यात तुम्ही आता मावत नाही."
"मावतो की," म्हणाले,
एका बाहीत गेले, आणि थांबले.

देवळाली कॅम्पातल्या निकुंभ मास्तरांनी
कापड उजेडात धरलं.
"वरून गेलंय. आतून कोरं आहे. उलटवू."
आमच्या आईनेही बाबांच्या कॉलरी उलटवल्या.
अर्धं कापड शिल्लक असताना नवं कशाला, म्हणायची.
मास्तर टाके उसवत होते,
मध्येच हसले:
"बाई, गंमत बघा.
पुरुषाचा कोट उलटवला
की काजं आपोआप उजवीकडे येतात.
कात्री लागायच्या आधीच बायकी होतो."
छातीवरचा खिसाही उजवीकडे गेला.
लोक म्हणतील, चुकलंय.
म्हणू देत.
आणि पंगतीत सांडलेल्या मठ्ठ्याचा डाग
आत आला, माझ्या बाजूला.

रविवारी, मैदानावर,
प्लायवुडची बेकरी, तिच्या पाटीवर
खडूने दुरुस्त केलेलं एक अक्षर.
सातही जण धावत होते, पडत होते,
सुतळी बॉम्बच्या धुरात कुणाचा तरी
मोबाइल वाजला, मग बंद झाला.
मी उभी होते.
रांगेत माझ्यापुढे कुणी नाही, मागे कुणी नाही,
बेकरीत पाव नाही.
उभं राहणं सोपं नव्हतं,
खडावांत तर नाहीच.

दोरीपलीकडे हे,
ट्रॅकसूटमध्ये, हातात स्टीलचा थर्मास.
आधी खुणावलं, मग हलक्या आवाजात,
"अगं, चहा घे. दोन तास झाले."
मग जरा मोठ्याने, नावानिशी.
दोन-तीन प्रेक्षक वळून बघायला लागले.

मी नाही वळले.
कशी वळणार?
माझा नवरा जर्मनीत आहे.
अकरा महिने झाले,
पत्र नाही.